शब्दांना माप लावणारा कप्तान

१ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये चार-पाच ओळींचा एक मजकूर छापून आला. उत्तरेकडे मध्यम पश्चिमी वारा, हवा स्वच्छ. पश्चिमेकडे मध्यम नैर्ऋत्य वारा, हवा स्वच्छ. दक्षिणेकडे जरा जोरकस पश्चिमी वारा, हवा स्वच्छ. बस्स, एवढेच. वर्तमानपत्रात सर्वसामान्य वाचकांसाठी छापलेला हा पहिला हवामान अंदाज मानला जातो. त्याच्या मथळ्यात एक शब्द मुद्दाम घातलेला होता: ‘प्रॉबेबल’. पुढल्या दोन दिवसांत असे घडण्याचा संभव आहे, इतकेच लिहिणाऱ्याला म्हणायचे होते. रॉबर्ट फिट्झरॉय हे त्याचे नाव. चार्ल्स डार्विनला जगप्रवासाला नेणारा ‘बीगल’चा कप्तान म्हणून आपण त्याला ओळखतो. पण आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगणारा इंग्रजी शब्द शोधण्यात त्याचे आयुष्य कसे खर्ची पडले, हे फारसे कोणी सांगत नाही.

फिट्झरॉयचा जन्म ५ जुलै १८०५ चा. घराणे दुसऱ्या चार्ल्स राजाच्या अनौरस वंशातले. आजोबा, ग्राफ्टनचे ड्यूक, इंग्लंडचे पंतप्रधान होऊन गेलेले. मुलगा तेराव्या वर्षी आरमाराच्या विद्यालयात गेला आणि पुढे लेफ्टनंटच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून बाहेर पडला. त्याच्या आईचा सावत्र भाऊ लॉर्ड कॅसलरे परराष्ट्रमंत्री होता. १८२२ साली मनाचा तोल जाऊन त्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. रॉबर्ट तेव्हा सतरा वर्षांचा होता. हे रक्त आपल्यातही आहे, ही धास्ती त्याला जन्मभर पुरली.

१८२८ साली ‘बीगल’ दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी किनाऱ्याची मोजणी करत होते. तिथली थंडी आणि एकटेपणा असह्य होऊन कप्तान प्रिंगल स्टोक्सने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि जहाज तेवीस वर्षांच्या फिट्झरॉयच्या हाती आले. दुसऱ्याच महिन्यात, जानेवारी १८२९ मध्ये, ला प्लाता नदीच्या मुखापाशी ‘पाम्पेरो’ या वादळाने त्याला गाठले. वायुभारमापकाचा पारा आधीच उतरत चालला होता. तरुण कप्तानाने त्याची पुरेशी दखल घेतली नाही. दोन खलाशी समुद्रात गेले. त्या उतरलेल्या पाऱ्याचा त्याला पुढे कधी विसर पडला नाही.

२७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ दुसऱ्या सफरीवर निघाले. एकटेपणाने स्टोक्सचे काय केले ते पाहिले असल्यामुळे, जेवणाच्या टेबलावर बोलायला कोणी सुशिक्षित सोबती हवा, म्हणून डार्विनची निवड झाली. डार्विनचे नाक पाहून हा माणूस चिकाटीचा नसावा असे फिट्झरॉयला आधी वाटले होते, हा किस्सा खुद्द डार्विननेच सांगून ठेवला आहे. या मापात कप्तान साफ चुकला!

आरमाराच्या नकाशा-खात्याचा प्रमुख होता फ्रान्सिस बोफर्ट. वाऱ्याच्या जोराचे शून्यापासून बारापर्यंत टप्पे पाडून प्रत्येकाला ‘जेंटल’, ‘मॉडरेट’, ‘फ्रेश’, ‘स्ट्राँग’ असे शब्द ठरवून देणारा हाच तो. एकाचा ‘जोराचा वारा’ दुसऱ्याच्या लेखी झुळूक ठरू नये, हा त्यामागचा हेतू. फिट्झरॉयला दिलेल्या लेखी सूचनांत त्याने बजावले होते की, सुबक, रेखीव नकाशे नकोत. साधे कच्चे आराखडे आणि त्यावर खुलासेवार टिपा हव्यात, कारण देखणेपणाच्या पायी बिनचूकपणाचा बळी जातो. नकाशाला खोटे बोलायला रेघ पुरते, शब्द लागत नाही. आरमाराच्या नकाशांवर पुढे रूढ झालेले शेरे पाहा: ‘पोझिशन अप्रॉक्झिमेट’ म्हणजे खडक आहे, पण जागा अदमासे; ‘पोझिशन डाउटफुल’ म्हणजे जागेचीच शंका; ‘एक्झिस्टन्स डाउटफुल’ म्हणजे खडक मुळात आहे की नाही हेच ठाऊक नाही. तिन्हींत किती अंतर आहे! रात्रीच्या अंधारात सुकाणूवर उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या अंतरावर अवलंबून असे.

फिट्झरॉय या कामाला अंतर्बाह्य योग्य माणूस होता. रेखांश मोजण्यासाठी त्याने बावीस क्रोनोमीटर बरोबर नेले. पाच वर्षांनी, २ ऑक्टोबर १८३६ ला जहाज फाल्मथला परतले, तेव्हा पृथ्वीप्रदक्षिणेतल्या सगळ्या वेळांची बेरीज चोवीस तास भरायला हवी होती. ती ३३ सेकंदांनी जास्त भरली. विषुववृत्तावर त्याचे अंतर सुमारे पंधरा किलोमीटर होते. एवढ्या सफरीत ही तफावत नगण्य म्हणावी अशी, आणि इकडेतिकडे थोडी वाटून टाकली असती तर कोणाच्या बापाला कळली नसती. त्याने ती जशीच्या तशी छापली आणि कारण आपल्याला सापडत नाही असेही लिहिले. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. ताळेबंद जुळेना की फरक गुपचूप कुठे जिरवावासा वाटतो, हे ती नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो उघडपणे सस्पेन्स खात्यात टाकून त्यावर सही करायला वेगळे धैर्य लागते. ते ३३ सेकंद मला फिट्झरॉयच्या सुवर्णपदकापेक्षा मोठे वाटतात.

मधली वर्षे भरभर उलटू. खासदारकी झाली, १८४३ ते १८४५ न्यूझीलंडचे गव्हर्नरपद झाले. वसाहतवाले आणि माओरी यांच्या जमिनीच्या वादात माओरींचीही बाजू खरी असू शकते असे मानल्यामुळे ते पद गेले. १८५४ साली व्यापार मंडळाने हवामानाची आकडेवारी गोळा करण्यासाठी एक लहानसे खाते काढले आणि मूठभर कारकून देऊन ते त्याच्या हवाली केले. आजच्या ब्रिटिश हवामान खात्याचे मूळ हेच.

पहिली लढाई घरोघरच्या वायुभारमापकावरच्या शब्दांशी झाली. त्या तबकडीवर ‘रेन’, ‘चेंज’, ‘फेअर’, ‘सेट फेअर’, ‘व्हेरी ड्राय’ असे कोरलेले असे आणि काटा ‘फेअर’वर असताना पाऊस पडला की लोक यंत्राला शिव्या देत. फिट्झरॉयचे म्हणणे असे की, गुन्हा यंत्राचा नाही, त्यावर लिहिलेल्या शब्दांचा आहे. पारा कुठे उभा आहे याला फारसा अर्थ नाही. तो चढतो आहे की उतरतो आहे, आणि किती झपाट्याने, हे पाहावे. मग त्याने कोळ्यांच्या बंदरांवर ठेवायला मजबूत वायुभारमापक बनवून घेतले आणि ते कसे वाचावेत याची सोपी पुस्तिका लिहिली.

ऑक्टोबर १८५९ मध्ये मेलबर्नहून सोने घेऊन निघालेले ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. घर दृष्टीच्या टप्प्यात आले असताना साडेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. आता तारायंत्र हाताशी होते. वादळ एका किनाऱ्यावर आदळले की दुसऱ्या किनाऱ्याला त्याच्या आधी बातमी पोचू शकत होती. फेब्रुवारी १८६१ पासून बंदरांवर इशाऱ्याचे शंकू आणि पिंप चढू लागले. टोक वर असलेला शंकू उत्तरेकडून येणाऱ्या वादळासाठी, टोक खाली असलेला दक्षिणेकडून येणाऱ्यासाठी. वादळ येणारच, असे शंकू सांगत नाही, तो फक्त सावध राहा म्हणतो, हे फिट्झरॉयने परोपरीने समजावले.

मग रोजच्या मजकुराला नाव काय द्यायचे? ‘प्रॉफसी’ म्हणावे तर ती ऋषिमुनींची वाणी. ‘प्रेडिक्शन’मध्ये छातीठोकपणा आला, आणि त्या काळी बाजारात पंचांगवाल्या भविष्यवेत्त्यांचा सुळसुळाट होता. त्याने ‘फोरकास्ट’ हा भाषेत आधीपासून असलेला शब्द उचलला आणि त्याला मर्यादा आखून दिली: मोजमापे आणि आकडेमोड यांवरून बनवलेले मत, एवढाच त्याचा अर्थ. आपले जुने व्यापारी हिशेबाच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहीत, तसेच काहीसे. आपल्या वेधशाळेच्या ‘तुरळक ठिकाणी’ आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ या शब्दांमागेही नेमकी टक्केवारी असते. आपण मात्र हसून छत्री घरी ठेवतो.

लंडनकरांनीही तेच केले. शब्द ‘फोरकास्ट’ वाचला, पण ऐकला ‘वचन’ म्हणून. अंदाज चुकला की थट्टा, बरोबर आला की योगायोग. १८६४ पर्यंत ‘टाइम्स’नेही चुकांची जबाबदारी झटकली. शास्त्रज्ञांचा आक्षेप उलट बाजूने होता. ज्याच्यामागे पक्का सिद्धांत नाही ते शास्त्राच्या नावाने छापूच नये, असे त्यांचे मत. दोन टोकांच्या मध्ये, ‘संभव आहे’ या अरुंद जागेवर, साठीला टेकलेला हा माणूस उभा होता. कान अधू होत चाललेले, बरीचशी पुंजी सार्वजनिक कामांत संपलेली.

एक विसंगती मात्र सांगितलीच पाहिजे. उद्याच्या वाऱ्याबद्दल ‘नक्की’ म्हणायला न धजणारा हा माणूस बायबलमधल्या सृष्टीच्या उत्पत्तीबद्दल तसूभरही शंका घेत नसे. १८६० साली तो ऑक्सफर्डच्या परिषदेला वादळांवरचा निबंध वाचायला गेला होता. तिथे डार्विनच्या सिद्धांतावर गाजलेला वाद झाला, तेव्हा तो बायबल हातात धरून उभा राहिला आणि सभेला विनवू लागला. ज्याला आपण स्वतः जहाजावर नेले त्याच्या ग्रंथात आपलाही हात आहे, या जाणिवेने तो पोळला होता.

३० एप्रिल १८६५, रविवार. नॉरवूडच्या घरी सकाळी तो उठला, मुलीचा पापा घेतला आणि शेजारच्या खोलीत जाऊन कडी लावली. कॅसलरेच्या वाटेनेच तो गेला. मागे कर्ज उरले होते. मित्रांनी कुटुंबासाठी निधी उभारला, त्यात डार्विनने शंभर पौंड घातले.

पुढच्या वर्षी चौकशी समितीने अंदाजांना शास्त्रीय आधार नाही असा निर्वाळा दिला. समितीचा प्रमुख होता फ्रान्सिस गॉल्टन, डार्विनचाच नातलग. रोजचे अंदाज बंद झाले आणि डिसेंबर १८६६ मध्ये वादळाचे शंकूही उतरले. तेव्हा ओरड झाली ती बंदरांतून, दर्यावर्दी लोकांकडून. वर्षभरात शंकू परत चढले. वर्तमानपत्रातले अंदाज १८७९ साली परतले ते त्याच नावाने.

२००२ साली ब्रिटिश सागरी हवामान वार्तापत्रातल्या ‘फिनिस्टेअर’ या समुद्रक्षेत्राला ‘फिट्झरॉय’ असे नाव देण्यात आले. त्या वार्तापत्रात वादळाच्या इशाऱ्यासाठी तीन शब्द ठरलेले आहेत. ‘इमिनंट’ म्हणजे सहा तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे सहा ते बारा तासांत, ‘लेटर’ म्हणजे बारा तासांनंतर. ‘फिट्झरॉय’ हे नाव उच्चारून झाले की निवेदक त्यांतला एक शब्द वाचतो आणि पुढल्या समुद्राकडे वळतो.