बुद्धीचा कौल

महाराष्ट्रात घरोघरी देव्हारा असतो. आषाढ लागला की वारकऱ्यांचे थवे पंढरीची वाट चालू लागतात. गावची जत्रा, मुलाचे बारसे, नव्या घराची वास्तुशांत, यांतील एकही कार्य देवाचे नाव घेतल्यावाचून पार पडत नाही. कोकणात तर एखादे मोठे काम हाती घेण्यापूर्वी ग्रामदेवतेला कौल लावण्याची चाल आहे. देवाच्या अंगावर फुले किंवा कळ्या चिकटवतात आणि त्या कोणत्या बाजूने गळून पडतात यावरून देवाचा होकार की नकार ते ठरवतात. अशा या भूमीत एकोणिसाव्या शतकात एक पुरुष होऊन गेला. त्याने आयुष्यभर कौल लावला, तो स्वतःच्या बुद्धीला. ईश्वर आहे असे मानण्यास पुरेसा आधार आपल्याला सापडत नाही, असे त्याने उघडपणे सांगितले, आणि तसे सांगण्याची जी किंमत पडली ती मुकाट्याने मोजली. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ, कृष्णेच्या काठी टेंभू नावाचे खेडे आहे. तेथे १४ जुलै १८५६ रोजी आगरकरांचा जन्म झाला. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी ते कराडला आजोळी राहिले. तेथील शिक्षण संपले तेव्हा पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. काही दिवस त्यांनी मामलेदार कचेरीत उमेदवारी केली; पण कारकुनीत जन्म घालवावा हे त्यांच्या मनाला पटेना. इंग्रजी शिकण्याच्या ओढीने ते पायी रत्नागिरीस गेले. तेथे निभाव लागला नाही, म्हणून पुन्हा कराडला परतले. अखेर दूर वऱ्हाडात, अकोल्यास नातेवाइकांच्या आश्रयाने त्यांची शाळा सुरू झाली आणि १८७५ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उतरले. मग पुण्याचे डेक्कन कॉलेज. तेथे अंगात घालायला एकच सदरा असे. रात्री तो धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगावर चढवायचा, असा क्रम चाले. निबंधांची बक्षिसे आणि वर्तमानपत्रांतील लेखन यांवर फीची रक्कम कशीबशी उभी राही.

पुष्कळांच्या बाबतीत असे दिसते की, दारिद्र्यात माणसाला देवाचाच आधार वाटतो. आगरकरांच्या बाबतीत तसे झाले नाही. ते कॉलेजात शिकत होते त्याच काळात, १८७६ ते १८७८ या वर्षांत, दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला होता. माणसे आणि गुरे अन्नावाचून तडफडत होती. असे दृश्य पाहून एखादा अधिक कळवळून देवाचा धावा करतो; दुसऱ्याच्या मनात मात्र प्रश्न उभा राहतो, की जगाचा चालक दयाळू आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, तर निरपराध लेकरांवर हा प्रसंग का यावा? हे दोघेही तितकेच हळवे असू शकतात. आगरकरांची वृत्ती दुसऱ्या प्रकारची होती. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ त्यांनी मन लावून वाचले. कोणतीही गोष्ट पूर्वजांनी सांगितली म्हणून, ग्रंथात लिहिली म्हणून किंवा चारचौघे मानतात म्हणून खरी धरायची नाही. तिच्यामागचे कारण तपासायचे आणि ते पटले तरच ती स्वीकारायची, अशी त्यांच्या मनाची घडण झाली.

याच कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळक यांच्याशी मैत्री जडली. टिळक कायद्याचा अभ्यास करीत होते, आगरकर एम. ए. चा. दोघेही बुद्धिमान, मानी आणि वादाला भिडणारे. देशाची स्थिती कशी सुधारेल यावर त्यांची रात्र रात्र चर्चा चाले. सरकारी नोकरी धरायची नाही, लोकशिक्षणाला वाहून घ्यायचे, हे त्यांनी तेथेच ठरवले. परीक्षा उतरल्यावर आगरकरांनी आपल्या आईला पत्र लिहिले. मुलाला आता मोठा पगार मिळेल, घरचे पांग फिटतील, अशी आशा धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेला सारा वेळ आपण परहितासाठी घालवणार आहोत, असे त्यांनी तिला कळवले. ज्या माउलीने हालअपेष्टांत दिवस काढले तिला हे लिहिताना त्यांना किती जड गेले असेल!

१८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी ते चालवले; थोड्याच काळात आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' सुरू झाला आणि त्याचे संपादकपद आगरकरांकडे आले. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून खटला झाला. ज्या पत्रांच्या आधारे तो मजकूर छापला होता ती बनावट ठरली. टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. लहानशा कोठडीत दोघे मित्र होते, बोलण्याला विषयांची वाण नव्हती. रात्री त्यांचे वाद इतके रंगत की पहारेकऱ्यांना त्यांना गप्प करावे लागे. या दिवसांवर आगरकरांनी पुढे एक पुस्तकच लिहिले.

सुटून आल्यावर दोघांच्या हातून मोठे काम झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. पण मतांची वाट फुटत चालली होती. आधी राजकीय हक्क मिळवावे, समाजाच्या चालीरीती सावकाश बदलतील, असे टिळकांना वाटे. लहान मुलींची लग्ने, विधवांचे केशवपन, जातिभेद, या गोष्टी आज आणि आत्ता थांबल्या पाहिजेत, हा आगरकरांचा आग्रह. १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये स्वतःचे 'सुधारक' हे साप्ताहिक काढले. त्याची इंग्रजी बाजू सांभाळण्यास गोपाळ कृष्ण गोखले हा तरुण सहकारी त्यांना लाभला.

'सुधारका'त आगरकर रूढींवर लिहीत, तेव्हा विरोधकांचे एक उत्तर ठरलेले असे. ही रूढी धर्माने सांगितली आहे, धर्म देवाने सांगितला आहे, तेव्हा तिच्याविषयी शंका घेणे हे पाप होय. म्हणजे प्रत्येक वाद फिरून देवापाशी येऊन थांबे. मग आगरकरांनी देवाच्या कल्पनेचाच विचार करावयाचे ठरवले. 'देवतोत्पत्ति' हा त्यांचा निबंध या विषयावर आहे. मनुष्याच्या मनात देव ही कल्पना मुळात आली कशी, असा प्रश्न त्यात घेतला आहे. स्पेन्सरच्या विचारांचा आधार घेऊन त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. अगदी आरंभीच्या काळातला मनुष्य डोळ्यांपुढे आणावा. त्याचा बाप मेला, त्याला पुरले. चार दिवसांनी तोच बाप स्वप्नात येऊन बोलू लागला. स्वप्न म्हणजे काय हे त्या मनुष्यास ठाऊक नाही. तेव्हा देहाहून निराळे असे काहीतरी बापाच्या ठायी होते आणि ते अजून हिंडते आहे, असेच त्याला वाटणार. अंगाबरोबर चालणारी सावली आणि पाण्यात दिसणारे प्रतिबिंब यांनी त्याची ही समजूत पक्की होणार. मग त्या पितराने रागावू नये म्हणून त्याला अन्न ठेवणे आले, त्याची विनवणी करणे आले. सामान्य माणसाचे पितर घरापुरते राहिले. पराक्रमी नायकाचा आत्मा साऱ्या टोळीचा देव झाला. वीज, वादळ, महापूर यांची कारणे कळत नव्हती, म्हणून त्यांच्यामागेही कोणी रागावणारे आणि प्रसन्न होणारे असावेत असे ठरले. पुढे मनुष्य जसजसा शहाणा झाला तसतसे त्याचे देवही बदलले. उग्र देव सौम्य झाले, अनेकांचा एक झाला, आकार असलेला निराकार झाला.

देव नाहीच, अशी द्वाही मात्र आगरकरांनी फिरवली नाही, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. विश्वाच्या मुळाशी काय आहे हे मनुष्याच्या बुद्धीला जाणता येत नाही, आणि जे जाणता येत नाही त्याविषयी ठाम विधान करणे योग्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. या मताला अज्ञेयवाद म्हणतात. जे कळले नाही ते कळले नाही असे म्हणण्यास मोठे धैर्य लागते.

त्याच पुण्यात त्या काळी ईश्वरावर श्रद्धा ठेवणारी थोर माणसेही होती, आणि त्यांची कारणेही उथळ नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे सुधारक म्हणून आगरकरांच्या बाजूचे. पण ते प्रार्थना समाजाचे एक प्रमुख. सृष्टीतील व्यवस्था आणि माणसाच्या अंतःकरणातील बऱ्यावाइटाची जाणीव यांत त्यांना परमेश्वराचा हात दिसे. संतांच्या अभंगांनी त्यांचे मन भरून येई. टिळकांचा ओढा गीतेकडे होता. पुढे मंडालेच्या कारावासात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. फळाची आशा न धरता कर्तव्य करीत राहण्याचे बळ त्यांना तेथून मिळे. तिघेही आपापल्या परीने देशासाठी झिजले. एकाला ते बळ प्रार्थनेत सापडले, एकाला गीतेत. तिसऱ्याने दोन्हीवाचून चालवले.

लोकांना हेच नवल वाटे. ज्याला देवाचे भय नाही तो खरे का बोलेल? ज्याला स्वर्गाची आशा नाही तो परोपकार कशासाठी करील? हा आक्षेप आगरकरांना वारंवार ऐकावा लागला. त्यांचे म्हणणे असे की, चांगल्या वागणुकीने माणसांचे दुःख कमी होते आणि सुख वाढते, एवढे कारण तिला पुरेसे आहे. शिक्षेच्या भयाने केलेला चांगुलपणा त्यांना कमी मोलाचा वाटे. अर्थात हे सर्वांना पटले असे नाही. पुण्यातील काही लोकांचा राग तर इतका अनावर झाला की त्यांनी आगरकरांचा पुतळा तिरडीवर घालून, जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या दारावरून नेली. 'सुधारका'चा पुढचा अंक नेहमीप्रमाणे निघाला.

घरात काय चालत होते? पत्नी यशोदाबाई जुन्या वळणात वाढलेल्या, भाविक वृत्तीच्या होत्या. बाहेर इतके कठोर लिहिणाऱ्या आगरकरांनी त्यांच्यावर आपली मते लादली नाहीत. दुसऱ्याचा विचार युक्तिवादाने बदलावा, जबरदस्तीने नव्हे, हा नियम त्यांनी घराच्या उंबऱ्याच्या आतही पाळला. पुष्कळ सुधारकांना हे साधत नाही.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पगार बेताचाच होता, आणि शरीर तर दम्याने पोखरले होते. रात्रीच्या रात्री बसून काढाव्या लागत. सकाळ झाली की वर्गावर शिकवणे, आणि संध्याकाळी 'सुधारका'चे लेखन, असा दिनक्रम असे. मिळणाऱ्या थोड्या श्वासाचा त्यांनी असा उपयोग केला. १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या मागे उशाजवळ एक पुडी सापडली, असे सांगतात. तीत थोडे पैसे बांधून ठेवले होते. आपल्या दहनाच्या खर्चासाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून त्यांनीच ती तरतूद केली होती.

टिळकांशी त्यांचे बोलणेचालणे कित्येक वर्षे दुरावले होते. दोघांनी आपापल्या पत्रांतून एकमेकांवर फार कडक लिहिले होते. आगरकर गेल्याची वार्ता आल्यावर 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी स्वतः लिहिला. एरवी त्यांची लेखणी भराभर चाले. त्या दिवशी मात्र डोळ्यांतील पाण्यामुळे ती वारंवार थांबत होती, अशी आठवण सांगितली जाते.