पंडिता रमाबाई आणि टपालाची सेवा



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र द्यावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली. चूल आणि मुले संभाळून लिहिते आहे, तेव्हा काही चुकले तर पदरात घ्यावे. पंडिता रमाबाईंचीच निवड मी का केली, ते आधी सांगते.

मंडळाची पत्रे लिहिण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. आपल्या नागापुरात कारखान्यांमुळे बिऱ्हाडे येतात आणि जातात. गाव सोडून गेलेल्यांना मंडळातर्फे चार ओळी पाठवायच्या, कोणाचे अभिनंदन, कोणाचे सांत्वन. मध्यंतरी आपल्यातल्याच एका भगिनीचे यजमान अचानक गेले. त्या मुलांना घेऊन माहेरी निघून गेल्या. फोन करावा तर उचलत नव्हत्या. त्यांना पत्र लिहावे असे ठरले. मी रोज सकाळी देवापुढे बसून मागणे मागत असे की मला शब्द सुचव. तीन महिने गेले आणि कागद कोराच राहिला. हे काम दुसरीला द्यावे असे माझ्या मनाने घेतले. त्याच सुमारास वाचनालयातून रमाबाईंचे चरित्र हाती आले.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवणे पाप मानले जाई त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले, आणि आईने रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगे आणि त्यावर गुजराण करी. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई आणि वडील दोघेही गेले. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी देश फिरत 1878 साली कलकत्त्यास पोचले. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केले. 1881 मध्ये मनोरमा झाली आणि 1882 च्या आरंभी पटकीने पतीही गेले. तेव्हा रमाबाईंचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. 1883 साली मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकावी असा बेत होता, पण कानांनी ऐकू कमी येऊ लागल्याने तो सोडावा लागला. तेथेच वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपल्यापैकी पुष्कळजणींना ही गोष्ट खटकेल. मलाही वाचताना खटकली. पण पुढे वाचले तेव्हा एक दिसले, की या बाईंनी तिकडच्याही कोणाचे मुकाट्याने ऐकले नाही. मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींची पत्रे वर्षानुवर्षे चालली आणि त्यांत धर्मावरून वाद पुष्कळ आहेत. देव आणि आपण यांच्यामध्ये दुसऱ्याचा हुकूम चालवून घेण्यास रमाबाई तयार नव्हत्या. सिस्टरांनी ती पत्रे जपून ठेवली आणि पुढे 1977 साली ती ग्रंथरूपाने छापली गेली.

1886 मध्ये डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी आपल्याकडील बालविधवांची स्थिती सांगितली. 1887 च्या डिसेंबरात बॉस्टन शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. गावोगावी बायकांची मंडळे निघाली. प्रत्येक सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, असे दहा वर्षे. म्हणजे आपल्या भिशीसारखी लहान लहान रक्कम, पण हजारो कोसांवरून यायची. त्या बायकांना इकडच्या मुली कधी दिसणार नव्हत्या. त्यांना दिसणार होते ते रमाबाईंचे पत्र आणि वर्षाचा अहवाल. येथून त्यांच्या आयुष्यात टपालाला महत्त्व आले.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. 1890 मध्ये सदन पुण्यास आले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, म्हणून 1893 साली मोठी ओरड झाली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. लोकांची शंका अगदीच निराधार होती असे मी म्हणत नाही. पण टाकून दिलेल्या पोरींना दुसरे दार तरी कोणते उघडे होते, हा प्रश्न उरतोच.

या काळात इंग्लंडातील जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. म्यूलर यांनी माणसांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर शेकडो अनाथ मुले संभाळली. तसे आपल्या देशात का होऊ नये, असे रमाबाईंच्या मनात आले. कसोटी लगेच पाहिली गेली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली भुकेने मरत आहेत असे कळले. रमाबाईंनी लहानपणी असाच दुष्काळ सोसला होता. त्या तिकडे गेल्या आणि तीनशे मुली आणण्याचे त्यांनी मनाशी धरले. हाती तेवढा पैसा नव्हता. पुण्यात प्लेग आला, म्हणून मुलींना केडगावी नेले. हे आपल्या नगरशेजारचे केडगाव नव्हे. ते पुणे जिल्ह्यात दौंडच्या अलीकडे आहे. तेथे त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तेच मुक्ती सदन. 1900 साली गुजराथेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडच्याही मुली आल्या आणि सदनात सुमारे दोन हजार माणसांचा संसार झाला.

दोन हजार पानांना रोज वाढायचे! आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला दीडशे बायका आल्या की आपली कोण धांदल उडते. रमाबाईंना ठरलेली मिळकत नव्हती. गरज आली की त्या आधी देवाला सांगत. पण तेवढे सांगून स्वस्थ बसत नसत, ही गोष्ट मला शिकण्यासारखी वाटली. विहिरी खणवल्या, शेती आणि गाईगुरे केली, हातमाग घातले. मनोरमाबाई अमेरिकेतून अंधांची लिपी शिकून आल्या आणि आंधळ्या मुलीही वाचू लागल्या. मुलींनी आपल्या हातांनी चालवावा असा छापखाना घातला. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी सर्व काही बायकाच करीत. हितचिंतकांसाठी मुक्ती प्रेअर बेल नावाचे इंग्रजी पत्रक निघे. सदनात काय घडले, कशाची प्रार्थना चालू आहे, हे त्यातून दूरदूर कळे.

टपालातून काय घडू शकते याचा एक दाखला सांगते. 1905 मध्ये मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट आली. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी त्याविषयी एक लहान पुस्तिका लिहिली. ती त्यांनी दक्षिण अमेरिकेतील चिली देशात राहणाऱ्या आपल्या शाळासोबतिणीला पाठवली. 1907 साली ती तेथे पोचली. ती वाचून त्या मैत्रिणीच्या पतीच्या मंडळीत प्रार्थना सुरू झाल्या, आणि 1909 पासून त्या देशात एक नवी ख्रिस्ती चळवळच उभी राहिली. केडगावची पुस्तिका, टपालाने पाठवलेली! पाठवताना एब्रम्सबाईंना यातले काय ठाऊक असणार? त्यांनी आपले पुस्तिका पाठवण्याचे काम केले.

साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणावे म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हे काम त्यांनी अखेरपर्यंत केले. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी जाऊनही त्यांनी काम टाकले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला आणि 1924 साली ते बायबल प्रसिद्ध झाले. 1989 साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. ज्यांचे काम टपालावर वाढले त्यांना हा मान शोभून दिसतो.

हे चरित्र वाचून माझी एक समजूत बदलली. देव वाट दाखवील तेव्हा पाऊल उचलू, असे मी धरून बसले होते. रमाबाईंना तीनशे मुलींची सोय आधी दिसली नव्हती. दिसली होती ती समोरची उपाशी मुलगी. तिला उचलले आणि पुढची वाट त्या कामातूनच कळत गेली. त्यांची प्रार्थना आणि त्यांचे काम ही दोन वेगळी खाती नव्हती. आपला आणि त्यांचा धर्म वेगळा असला तरी एवढे आपण घेण्यास हरकत नसावी.

त्या रात्री भांडी आवरून मी कागद घेतला. सांत्वनाचे मोठे शब्द सोडून दिले. लिहिले की शुक्रवारच्या भजनाला तुमची जागा आम्ही अजून मोकळी ठेवतो, तुमचा वाटी-चमच्यांचा डबा माझ्याकडे आहे, आणि धाकट्याचा खोकला बरा झाला का ते कळवा. सकाळी पत्र पेटीत टाकले. अठरा दिवसांनी उत्तर आले. खोकला बरा होता. डबा राहू द्या, मी येऊन नेईन, असे लिहिले होते. मागच्या श्रावणात त्या येऊनही गेल्या.

पत्रांचे काम मी सोडलेले नाही. ज्या भगिनींचे अक्षर चांगले असेल त्यांनी दर मंगळवारी दुपारी माझ्याकडे यावे. पत्ते पुष्कळ आहेत आणि लिहिणारी मी एकटी आहे.