ज्योतीवाचून प्रकाश

नाटक बहुधा रात्री रंगते. म्हणून त्याला नटाइतकीच दिव्याचीही गरज असते. पेढी नदीच्या काठचे वलगाव असो की वऱ्हाडातील दुसरे एखादे गाव असो, वीज येण्यापूर्वी गावोगावचे दंडारीचे व सोंगांचे खेळ टेंभ्यांच्या आणि कंदिलांच्या उजेडातच होत. मोकळ्या आभाळाखाली टेंभ्याचा धूर वाऱ्याबरोबर निघून जाई. युरोपातील बंदिस्त नाट्यगृहांची स्थिती मात्र निराळी होती. तेथे कोळशाच्या वायूवर जळणारे शेकडो दिवे लाकडी चौकटी व रंगविलेले पडदे यांच्या अगदी निकट असत. प्रेक्षक उकाड्याने हैराण होत, आणि एका ज्योतीने सारे नाट्यगृह भस्म होण्याचे भय सदैव असे. हे भय दूर करण्यास ज्याचा शोध कारणीभूत झाला, तो शास्त्रज्ञ म्हणजे जोसेफ स्वॉन होय.

स्वॉनचा जन्म इंग्लंडमधील संडरलंड या गावी ३१ ऑक्टोबर १८२८ रोजी झाला. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे कोवळ्या वयातच त्याला शाळा सोडावी लागली. एका औषधांच्या दुकानात तो उमेदवारी करू लागला. पुढे न्यूकॅसल येथे जॉन मॉसन नावाच्या औषधविक्रेत्याकडे तो काम करू लागला आणि कालांतराने त्याचा भागीदार झाला. शाळा सुटली, तरी त्याचे शिक्षण सुटले नाही. दुकानातील रसायने हीच त्याची प्रयोगशाळा झाली.

१८५० च्या सुमारास त्याने विजेच्या दिव्याचे प्रयोग आरंभिले. कागदाच्या बारीक पट्ट्या भाजून त्यांचा कोळसा करावयाचा, ती पट्टी काचेच्या फुग्यात बसवावयाची, फुग्यातील हवा काढून घ्यावयाची आणि पट्टीतून वीज सोडावयाची, अशी त्याची कल्पना होती. पट्टी तापून प्रकाशे, परंतु आत उरलेल्या थोड्याशा हवेमुळे ती लवकरच जळून जाई. हवा पुरती काढून घेणारे साधनच त्या वेळी उपलब्ध नव्हते. स्वॉनने हा नाद तात्पुरता बाजूला ठेवला व छायाचित्रणाच्या कलेत मोलाच्या सुधारणा केल्या. पण दिवा त्याच्या मनातून गेला नाही. पुढे पाऱ्याच्या साहाय्याने हवा काढणारा पंप निघाला, तेव्हा त्याने पुन्हा तेच काम हाती घेतले. कोळशाचा तंतू तापता ठेवूनच फुग्यातील हवा काढली, तर तंतूत दडलेली हवाही बाहेर पडते, हे त्याने शोधून काढले. १८७९ च्या फेब्रुवारी महिन्यात न्यूकॅसल येथे सुमारे सातशे लोकांपुढे त्याने आपला दिवा लावून दाखविला. त्याच वर्षी अमेरिकेत एडिसननेही याच कामी यश मिळविले.

या सुमारास एक भयंकर घटना घडली. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्ना येथील रिंग नाट्यगृहात वायूच्या दिव्यांमुळे आग लागली. वायूचा पुरवठा बंद करताच सर्वत्र अंधार पसरला. वाट न दिसल्यामुळे शेकडो माणसे आतच मृत्युमुखी पडली. साऱ्या युरोपात हाहाकार उडाला.

लंडनमध्ये त्याच वर्षी सॅव्हॉय नावाचे नवे नाट्यगृह उघडले होते. त्याचे मालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी तेथे स्वॉनचे सुमारे १,२०० दिवे बसविले. प्रारंभी वीजनिर्मितीचे यंत्र अपुरे पडल्यामुळे प्रेक्षागृहात विजेचे व रंगमंचावर वायूचे दिवे होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी रंगमंचही विजेने उजळला. त्या दिवशी कार्ट यांनी एक जळता दिवा चटकन पेट घेणाऱ्या मलमलीत गुंडाळला आणि प्रेक्षकांसमोर फोडला. दिवा तत्काळ विझला. मलमलीला डागही पडला नाही. फुगा फुटताच बाहेरची हवा आत शिरते व तापलेला तंतू क्षणात जळून तुटतो, हे त्याचे कारण. व्हिएन्नाच्या वार्तेने धास्तावलेल्या लोकांचा जीव भांड्यात पडला.

दुसराही एक लाभ झाला. वायूच्या दिव्यांचा उजेड तोट्या फिरवून कमीजास्त करावा लागे, आणि तोटी अधिक फिरली तर ज्योत विझून जाई. विजेच्या मार्गात मात्र प्रवाहाला अडविणारी तार घातली, की प्रवाह क्षीण होऊन दिवा मंद होतो. तार काढली की तो पूर्ववत प्रकाशतो. त्यामुळे रंगमंचावर पहाट उगवणे, संध्याकाळ मावळणे हे सारे दुरूनच घडविता येऊ लागले.

१८८३ साली स्वॉन व एडिसन यांनी वादात शक्ती न दवडता इंग्लंडमधील आपले व्यवसाय एकत्र केले. चांगला तंतू शोधता शोधता स्वॉनने कृत्रिम रेशमासारखा धागाही तयार केला. १९०४ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. २७ मे १९१४ रोजी त्याचे निधन झाले.

कोळशाच्या तंतूचे दिवे आता मागे पडले आहेत. गावातल्या व्यासपीठावर आज दिव्यांची रांग उजळते, तेव्हा कोणाला आगीची धास्ती वाटत नाही. या निर्धास्तपणामागे एका दुकानदार शास्त्रज्ञाची तीस वर्षांची चिकाटी आहे. अपयश आले म्हणून त्याने ध्येय सोडले नाही. साधन मिळेपर्यंत वाट पाहिली, आणि ते मिळताच पुन्हा कामाला लागला.