मिलानची साथ आणि संत चार्ल्स




येत्या ४ नोव्हेंबरला संत चार्ल्स बोरोमिओ यांचा सण आहे. आपल्या भागात संत सेबास्टियनचा किंवा संत अंतोनीचा सण जसा दणक्यात होतो तसा यांचा होत नाही. सकाळच्या मिस्साला दहा-बारा म्हातारी माणसे, आणि संपले. मीही त्यांतलाच एक. पण यंदा या संताबद्दल चार ओळी लिहायच्या असे बरेच दिवस मनात होते. त्यामागचे कारण शेवटी सांगतो.

चार्ल्सचा जन्म २ ऑक्टोबर १५३८ चा, उत्तर इटलीतल्या आरोना गावी, सरोवराकाठच्या किल्ल्यात. घराणे सरदारांचे, पैशाला तोटा नाही. शरीराने किरकोळ, बोलताना अडखळणारा, पण अभ्यासाला चिकट. पाविया विद्यापीठात कायदा शिकून १५५९ मध्ये त्याने डॉक्टरची पदवी मिळवली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या आईचा भाऊ चौथा पायस या नावाने पोप झाला आणि महिन्याभरातच भाचा कार्डिनल! वय अवघे एकवीस. धर्मगुरूची दीक्षासुद्धा झालेली नव्हती. आजच्या भाषेत याला वशिला म्हणतात, आणि तो वशिलाच होता. हे लपवायचे कारण नाही. देव कधीकधी वशिल्याच्या माणसाकडूनही चांगले काम करून घेतो, एवढेच.

रोममध्ये मामाच्या हाताखाली त्याने ढोरमेहनत केली. त्रेंत येथील धर्मसभा १५६३ मध्ये पार पडली, त्यात पडद्यामागचा बराच पत्रव्यवहार याच पोराच्या हातचा. मधल्या काळात थोरला भाऊ फेदेरिको अचानक वारला. घराण्याचा वारस आता हाच. नातेवाईक मागे लागले की चर्च सोड, लग्न कर, जहागीर सांभाळ. त्याने उलटे केले. धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि मिलानचा आर्चबिशप झाला.

मिलानला त्या वेळी आर्चबिशप होते ते नावापुरते. जवळजवळ ८० वर्षे एकही आर्चबिशप गावात राहिलेला नव्हता. उत्पन्न खायचे आणि रोमला बसायचे असा खाक्या. चार्ल्स १५६५ मध्ये मिलानला आला आणि तिथेच राहिला. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत खेचरावरून, पायी, जमेल तसा फिरला. धर्मगुरू घडवण्यासाठी सेमिनरी काढल्या. रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या शेकडो शाळा उभ्या केल्या, त्यांत साधे गृहस्थ आणि बायका शिकवत. जन्मभर फळा-खडू केलेल्या माणसाला याचे अप्रूप वाटणारच.

शिस्त लावणारा माणूस सगळ्यांना आवडत नाही. ऐषारामात गेलेल्या एका मठसंघाला त्याने सुधारायला सांगितले, तर १५६९ मध्ये त्यांच्यातल्याच एकाने तो संध्याकाळच्या प्रार्थनेत गुडघ्यावर असताना पाठीमागून गोळी झाडली. चार्ल्स वाचला.

आता मुख्य गोष्ट. १५७६ च्या ऑगस्टमध्ये मिलानमध्ये प्लेग शिरला. शहर लाखावर वस्तीचे, राज्य स्पेनचे. बातमी पसरताच स्पॅनिश गव्हर्नर बाहेर पडला. त्याच्यामागोमाग सरदार, सावकार, ज्यांना ज्यांना गाड्या-घोडे होते ते सगळे. चार्ल्स त्या वेळी लोदीला एका बिशपच्या अंत्यविधीसाठी गेला होता. लोक शहरातून बाहेर पळत होते, हा शहरात परत आला. आधी मृत्युपत्र केले आणि मगच कामाला लागला.

शहराच्या वेशीबाहेर साथीच्या रोग्यांसाठी बांधलेले २८८ खोल्यांचे मोठे आवार होते. ते बघताबघता भरले. मग तटाबाहेर माळावर गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. हे वाचताना मला आजी आठवली. प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिल्याच्या गोष्टी ती सांगायची.

बाजार बंद, माग बंद. पळालेल्या धन्यांनी नोकरचाकर काढून टाकलेले. ही माणसे आर्चबिशपच्या दाराशी येऊन उभी राहिली. त्याने घरातली चांदी विकली, कर्ज काढले, रोज हजारोंच्या जेवणाची सोय केली. थंडी आली तसे वाड्यातले पडदे, भिंतीवरची भारी कापडे, गालिचे काढून गरिबांना अंगावर घालायला कपडे शिवून दिले. लाल, जांभळे, हिरवे, जसे कापड तसा अंगरखा. मिलानच्या रस्त्यावर भिकारी सरदारी रंगात फिरू लागले. आई गेलेल्या तान्ह्या पोरांसाठी दाया शोधल्या.

धर्मगुरूंपैकी काही कचरले. माणसेच ती. चार्ल्स त्यांच्यावर ओरडून थांबला नाही. आधी स्वतः रोग्यांच्या आवारात गेला, स्वतःच्या हाताने शेवटचे तेल दिले. मग एकेक करून बाकीचे निघाले. कापुचिन संघाचे फादर रोग्यांच्या आवारातच राहायला गेले.

पण तो बेफिकीर नव्हता, हे नीट लक्षात घ्यावे. हातात लांब काठी धरून चाले, म्हणजे कोणी अंगाला भिडू नये. रोग्याला भेटून आला की कपडे बदली, हात व्हिनेगरने धुई. दान द्यायची नाणीही व्हिनेगरमध्ये बुडवून. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे १८९८ मध्ये कराचीला एका फ्रेंच डॉक्टरने शोधून काढले. म्हणजे चार्ल्सच्या काळात खरे कारण कुणालाच ठाऊक नव्हते. जे कळत होते ते तो पाळत होता.

त्याची एक गोष्ट मात्र वादाची आहे. ऑक्टोबरमध्ये त्याने प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या. अनवाणी पाय, गळ्यात दोर, हातात क्रूस. गर्दीने साथ वाढेल अशी धास्ती अधिकाऱ्यांना होती. त्याने बायका-मुलांना घरी ठेवले, पुरुषांना अंतर ठेवून चालवले, पण मिरवणूक काढलीच. आज आपण तसे करणार नाही आणि करूही नये. संताचे सगळेच गिरवायचे नसते.

ऑक्टोबरच्या अखेरीस सगळ्या शहराला घरात राहण्याचा हुकूम झाला. चर्चमध्ये जाणे बंद. तेव्हा चार्ल्सने काय केले? चौकाचौकांत वेदी उभारल्या. तिथे मिस्सा होई आणि लोक आपापल्या खिडकीतून ती ऐकत. दिवसातून सात वेळा घंटा वाजे. घंटा झाली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून लोक एकमेकांना साद देत लितानी म्हणत. फादर छोटे स्टूल घेऊन दारोदार जात, बंद दाराच्या बाहेर बसत आणि आतल्या माणसाचा कुमसार ऐकत. देऊळ बंद होते, पण धर्मग्राम चालू होते.

साथ १५७७ भर रेंगाळली आणि १५७८ च्या जानेवारीत संपल्याचे जाहीर झाले. सुमारे सतरा हजार माणसे गेली. चार्ल्सला रोग लागला नाही. तरी उपास, जागरणे आणि प्रवास यांनी तो झिजला. १५८० मध्ये त्याने बारा वर्षांच्या एका मुलाला पहिले कम्युनियन दिले. तोच पुढे संत अलॉयशियस गोन्झागा, जो १५९१ मध्ये रोमच्या साथीत रोग्यांची सेवा करताना तरुणपणीच गेला. चार्ल्स स्वतः ३ नोव्हेंबर १५८४ ला तापाने वारला. वय ४६. १६१० मध्ये त्याला संतपद मिळाले.

आता कारण सांगतो. मागे चर्चच्या सभेत माझा एक जुना विद्यार्थी उभा राहिला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्याची आई गेली, शेवटच्या तेलाविना. पुरायला चार माणसे. त्याने विचारले, सर, आपण दारे बंद करून बसलो, मग चर्च कशासाठी? सभेत कोणी म्हणाले, सरकारचा हुकूम होता. ते खरेच आहे. दार बंद करणे चूक नव्हते. संत चार्ल्सच्या मिलानमध्येही ते बंदच होते.

आमच्या तरुणांनी तेव्हा तांदूळ, डाळ, तेलाच्या पिशव्या जातपात न विचारता वाटल्या, हेही खरे. पण त्या मुलाचा प्रश्न पिशव्यांचा नव्हता. बंद दाराबाहेर स्टूल टाकून कोण बसले, हा होता.

त्या रात्री त्याने मला फोन केला होता. मी वयाचे कारण सांगितले. कारण खोटे नव्हते. पण दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने उलटा फोन करायला वय आड येत नव्हते. तो मी केला नाही. काय बोलावे कळले नाही म्हणून टाळत गेलो, आणि मग टाळल्याची लाज वाटली म्हणून आणखी टाळले.

सभेनंतर आठ दिवसांनी त्याच्या घरी गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा दिला. आईचा फोटो दाखवला. तासभर बसलो, फारसे बोललो नाही. निघताना तो फाटकापर्यंत आला.

साथ येते आणि जाते. तेव्हा राहून गेलेली दारे गावात अजून आहेत, ख्रिस्ती घरांची आणि शेजाऱ्यांचीही. ४ तारखेला मिस्साहून परतताना त्यांतल्या एखाद्या दारावर थाप मारावी, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव