गोटी सोड्याचा मूळ मालक : हायरम कॉड

बुऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर असीरगड दिसतो. सातपुड्यातला हा किल्ला म्हणजे दख्खनचा दरवाजा. एप्रिल-मे महिन्यात गड चढून महादेवाच्या देवळापर्यंत जाऊन आलेल्या माणसाला खाली उतरल्यावर एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे काहीतरी गार. रावेर असो, बुऱ्हाणपूर असो की खंडवा, या पट्ट्यात 'काहीतरी गार' म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर गोटीची बाटली येते. अंगठ्याने गोटी आत दाबायची, फस्सकन आवाज, नाकात झणका. ही बाटली ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

हायरम कॉडचा जन्म १८३८ सालचा, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या बरी सेंट एडमंड्स या गावातला. तेव्हा असीरगडावर इंग्रजांचा झेंडा लागून १९ वर्षं झाली होती. १८१९ मध्ये शिंद्यांच्या जसवंतराव लाडांकडून त्यांनी गड घेतला, आणि १९०४ पर्यंत तिथं शिबंदी ठेवली. कॉडचं सगळं आयुष्य या काळातच मावतं.

शिक्षणाने तो यंत्रांचा माणूस, पण पोटापाण्यासाठी फिरता विक्रेता झाला. बुचं विकणाऱ्या एका कंपनीचा. ही नोकरी त्याला फळली, कारण गावोगावच्या सोडावाल्यांची रडकथा त्याला रोज ऐकायला मिळायची. पाण्यात वायू कोंबायची युक्ती तोवर जुनी झाली होती. प्रीस्टलीने १७६७ मध्ये ती दाखवली आणि श्वेप याने १७८३ मध्ये जिनिव्हात तिचा धंदा उभा केला. अडचण पाण्याची नव्हती, बुचाची होती. बूच वाळलं की आकसतं, वायू निसटतो, आणि गिऱ्हाइकाच्या हातात नुसतं गोड पाणी पडतं. बूच ओलं राहावं म्हणून तळ नसलेल्या, अंड्यासारख्या बाटल्या निघाल्या. त्या उभ्याच राहत नसत, आडव्याच ठेवाव्या लागत. वर बूच उडू नये म्हणून तार बांधा, आणि प्रत्येक भरणीला नवं बूच विकत घ्या. बूच येणार स्पेन-पोर्तुगालहून. म्हणजे सोडावाल्याच्या नफ्यातला चांगला वाटा बूचवाल्याच्या खिशात. आणि कॉड स्वतः बूचवाल्याचाच नोकर!

त्याने उपाय शोधला तो बूचच काढून टाकण्याचा. १८७० ते १८७२ या काळात त्याने आपल्या बाटलीची पेटंटं घेतली. बाटलीच्या तोंडाशी आतून रबराची कडी, आत काचेची गोटी. बाटली उलटी धरून दाबाने भरायची. गोटी घरंगळून तोंडाशी येते आणि आतला वायूच तिला कडीवर घट्ट दाबून धरतो. दाब जितका जास्त, तितकं झाकण पक्कं. जो वायू बूच उडवायचा, त्याच वायूला कॉडने पहाऱ्यावर बसवलं. मानेला चिमटा काढल्यासारखी जी खाच असते, ती शोभेची नाही. ओतताना गोटी तिथं अडकते आणि तोंड मोकळं राहतं.

बाटली चांगली होती, पण चांगली वस्तू आपोआप खपत नाही. कॉडजवळ पैसा नव्हता. लंडनच्या रिचर्ड बॅरेटने भांडवल घातलं आणि कॅलेडोनियन रोडवर काम सुरू झालं. इथं कॉडची धंद्याची अक्कल दिसते. सगळ्या बाटल्या स्वतः बनवायच्या फंदात तो पडला नाही. काचवाल्यांना त्याने बाटली करायची मोकळीक दिली. अट एवढीच की गोटी आणि रबराची कडी त्याच्याकडूनच घ्यायची, खाच पाडायचं हत्यारही त्याचंच वापरायचं. शिवाय सोडा भरणाऱ्यांनी परवान्याचे पैसे भरायचे. बाटली कुणीही फुगवो, गल्ला कॉडकडे. आज प्रिंटर स्वस्तात देऊन शाईत कमावतात, त्याच जातीची ही चाल. लंडनच्या आर. व्हाइट्ससारख्या मोठ्या पेयवाल्यांनीही ही बाटली उचलली.

पुढे यॉर्कशायरमध्ये बार्न्सलीच्या रायलँड्स घराण्याच्या काचकारखान्याशी त्याची भागीदारी जमली. बाटली तिथं आणखी सुधारली, धंदा फुगला. पण बाप बेन रायलँड्स गेल्यावर मुलगा डॅन आला, आणि ही भागीदारी काही वर्षांतच मोडली. डॅननेही बाटलीत स्वतःच्या सुधारणा केल्या होत्या, म्हणजे कालचा भागीदार उद्याचा प्रतिस्पर्धी.

बाहेरची स्पर्धा तर होतीच. १८७५ मध्ये अमेरिकेत तारेच्या खटक्याचं झाकण आलं. १८७९ मध्ये इंग्लंडात हेन्री बॅरेटने (आडनाव तेच, माणूस वेगळा) आतून आट्यांचं झाकण काढलं. त्याच साली शिकागोत हचिन्सनचं स्प्रिंगचं झाकण निघालं. ज्याला त्याला बूच हटवायचं होतं. कॉडच्या बाटलीला एक शत्रू घरातच होता, तो म्हणजे पोरं. गोट्या खेळायला मिळाव्यात म्हणून पोरं बाटल्या फोडायची. जुन्या कॉड बाटल्या आज दुर्मीळ आहेत त्यामागे हेही कारण सांगतात. परत येणाऱ्या बाटलीवर ज्या धंद्याचं गणित चालतं, त्याला हा फटका लहान नव्हता.

कॉड १८८७ मध्ये लंडनमध्ये वारला. वय जेमतेम ४९. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९२ मध्ये, बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने पत्र्याच्या दातेरी झाकणाचं पेटंट घेतलं. स्वस्त, एकदा वापरून फेकायचं, आणि मशीनने झपाट्याने बसवता येणारं. मोठ्या कारखान्यांना तेच हवं होतं. इंग्लंडात गोटी हळूहळू मागे पडली.

आपल्याकडे मात्र उलटं झालं. मुंबईत पालनजी १८६५ पासून, पुण्यात अर्देशीर १८८४ पासून आणि मुंबईतच दिनशाजी पांडोळ्यांचं ड्यूक्स १८८९ पासून, असा पारशी-इराणी मंडळींचा सोड्याचा धंदा शहरांत वाढला. पण तालुक्याच्या गावी ज्याच्याजवळ हाताने फिरवायचं मशीन, वायूची टाकी आणि चार पेट्या बाटल्या, तोही कारखानदारच. पत्र्याचं झाकण बसवायचं यंत्र नको, दर भरणीला नवं झाकण नको. कॉडने बूचवाल्याची मक्तेदारी मोडायला जी बाटली काढली, ती इथल्या गरीब सोडावाल्याला पुरून उरली. जपानमध्येही रामुने नावाने ती १८८४ पासून टिकून आहे.

खरी झळ लागली ती १९९० नंतर. पेप्सी आली, १९९३ मध्ये कोकाकोला परतली आणि तिने पार्लेचे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट घेतले. १९९४ मध्ये ड्यूक्स पेप्सीकडे गेलं. प्लास्टिकच्या बाटलीला ना परतीची कटकट, ना फुटण्याची भीती. गोटीची बाटली धुवावी लागते, तिची कडी बदलावी लागते, आणि तिच्या स्वच्छतेबद्दल गिऱ्हाईक आता प्रश्न विचारतं. ते चूकही नाही. गावोगावची सोड्याची मशीनं धूळ खात पडली.

तरी ही बाटली बनायची थांबलेली नाही. उत्तर प्रदेशात हाथरसजवळच्या सासनीत ती अजून तयार होते. आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्याने गोली पॉप सोडा नावाने हाच माल अमेरिका, ब्रिटन, युरोप आणि आखाती देशांत जात असल्याचं जाहीर केलं. कॉडच्या देशात त्याची गोटी आता भारतातून जाते.