‘नाही’ म्हणायला शिकलेला मोहन

हॉस्टेलवर पहिली सिगरेट सहसा कोणी स्वतःहून पेटवत नाही. कोणीतरी पुढे करतं, आणि नको म्हटलं तर आपण बावळट ठरू अशी भीती वाटते. ही भीती राजकोटच्या एका शाळकरी मुलालाही वाटली होती. त्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेला मोहन भयंकर लाजाळू होता. कोणी चेष्टा करेल म्हणून शाळा सुटली की तो पळत घरी जायचा. भुतांची, चोरांची, सापांची भीती इतकी, की रात्री दिव्याशिवाय झोप येत नसे. त्याचा एक मित्र मात्र धट्टाकट्टा, पळण्यात आणि लांब उडीत पटाईत. इंग्रज मांस खातात म्हणूनच बलवान आहेत, हे त्याने मोहनला पटवलं. मग वैष्णव घरातल्या या मुलाने वर्षभरात पाच-सहा वेळा चोरून मांस खाल्लं. घरी आल्यावर भूक नाही म्हणून आईशी खोटं बोलावं लागे. तेच त्याला सहन होईना, आणि त्याने ते बंद केलं.

पंधराव्या वर्षी त्याने भावाच्या कड्यातलं थोडं सोनं चोरलं. शेवटी मन खाऊ लागलं, तेव्हा चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली. वडील रागावले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली.

१८८८ मध्ये तो लंडनला गेला, आईला मांस-मदिरेला न शिवण्याचं वचन देऊन. मित्र हसायचे. त्यांच्यात शोभावं म्हणून त्याने उंच हॅट, भारी सूट घेतला, डान्सचा क्लास लावला, व्हायोलिनही आणलं! हे वेड साधारण तीन महिने टिकलं. आपण इथे शिकायला आलोय हे लक्षात येताच त्याने ते सगळं सोडलं, पै-पैचा हिशोब ठेवला. हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक वाचल्यावर आईचं वचन हे त्याचं स्वतःचं मत झालं. पुढे तो तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही होता. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतला, तेव्हाही चारचौघांत बोलताना अडखळायचाच.

म्हणजे धीट झाल्यावर तो ‘नाही’ म्हणायला शिकला असं नाही. आधी स्वतःशी खरं बोलला, धीटपणा नंतर आला. आपल्यालाही एवढं जमायला हरकत नाही, नाही का?