ज्या गोळीसाठी १९९४ मध्ये मेडिकलपुढं झुंबड उडाली, तिच्यामागं होते आंध्रचे डॉ. सुब्बाराव

साल होतं १९९४. आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण असल्याची बातमी आली आणि मग सुरतेत साथ पसरली. लोकांनी शहर सोडलं. मेडिकलच्या दुकानांपुढं टेट्रासायक्लिनसाठी झुंबड उडाली. धडधाकट माणसांनीही गोळ्या घेऊन ठेवल्या.

टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं पहिलं औषध ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं, ते होते येल्लाप्रगडा सुब्बाराव.

१८९५ मध्ये भीमावरमला त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आजारानं आठवड्याभराच्या अंतरानं गेले. खाल्लेलं अंगी लागत नाही आणि माणूस खंगत जातो, असा हा आजार. यावर औषध शोधायचं, हे तेव्हापासून सुब्बारावांच्या डोक्यात बसलं.

मद्रास मेडिकल कॉलेजात ते खादी घालायचे. इंग्रज प्राध्यापकाला ते खुपलं आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस या दुय्यम पदवीवर त्यांची बोळवण झाली. १९२३ मध्ये त्यांनी बोस्टन गाठलं. पडेल ते काम करत हार्वर्डमध्ये शिकले, तिथंच मोठं संशोधन केलं. पण हार्वर्डनं कायमची नोकरी काही दिली नाही. शेवटी १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले.

इथं त्यांच्या टीमनं फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं. ते स्प्रूवर उपयोगी पडलं. भावांसाठी मात्र उशीर झाला होता.

पेनिसिलिन तेव्हा आलं होतं, पण ते सगळ्या जिवाणूंवर चालत नव्हतं. म्हणून लेडर्लीत ठिकठिकाणची माती तपासणं सुरू झालं. सत्तरी ओलांडलेल्या बेंजामिन डगर यांना मिसुरीच्या मातीत सोनेरी रंगाचा एक सूक्ष्मजीव सापडला. त्यातून ऑरिओमायसिन मिळालं. १९४८ मध्ये ते जगापुढं आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. वय अवघं ५३.

हे औषध नेमकं करतं काय, ते पुढं कळलं.

प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारे कारखाने असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. कच्चा माल घेऊन येणारे छोटे रेणू जिथं माल उतरवतात, नेमकी तीच जागा टेट्रासायक्लिन अडवून बसतं. माल उतरला नाही की प्रथिनं बनत नाहीत आणि जिवाणूंची वाढ थांबते. उरलेलं काम आपली प्रतिकारशक्ती करते. माणसाच्या रायबोसोमची बांधणी वेगळी असल्यानं आपल्याला त्याचा फारसा त्रास होत नाही.

मग काही जिवाणू यातून वाचतात कसे? काहींकडे पंप असतो, तो औषध पेशीबाहेर फेकतो. काहींकडे असं प्रथिन असतं, जे रायबोसोमवर बसलेलं औषध हुसकावून लावतं. या युक्त्या त्यांच्या जनुकांत लिहिलेल्या असतात आणि एक जिवाणू ही जनुकं दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलासुद्धा.

गरज नसताना गोळी घेतली की पोटातले साधे जिवाणू मरतात किंवा मागं पडतात. युक्ती जाणणारे उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. मग खरी गरज पडते तेव्हा तीच गोळी चालत नाही.

सुब्बारावांनी भाऊ गमावले, कारण तेव्हा औषधच नव्हतं. आज औषध आहे. डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या गोळ्यांमुळे ते हळूहळू निकामी होतंय.